एकाच वेळी, चार ठिकाणी
(उपग्रह मोजणीच्या पथकप्रमुखांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेची प्रस्तावना)

उपग्रहांच्या मदतीने जमीन मोजायची म्हटले की बोलणे यंत्रापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. रिसीव्हर किती उपग्रह धरतो, ‘फिक्स’ किती सेकंदांत देतो, माहितीपत्रकात अचूकता किती मिलिमीटर छापली आहे, हे खरेदी करणारा प्रत्येक जण विचारतो. तो रिसीव्हर पहाटे कोण कुठे घेऊन जाणार, वाटेत ओढ्याला पाणी असले तर दुसरा रस्ता कोणता, ट्रायपॉडखालची खूण हीच नकाशावरची खूण आहे हे कोण ठरवणार, हे प्रश्न मात्र काम बिघडल्यानंतर विचारले जातात. ही पुस्तिका त्या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांची आहे. माझे म्हणणे असे की उपग्रह मोजणीत अचूकता यंत्रापेक्षा पथकांच्या आखणीतून अधिक येते. यंत्र चांगले आणि आखणी ढिसाळ असेल, तर चुकीचे उत्तर मिलिमीटरपर्यंत नेटके छापून हातात पडते. हे म्हणणे पटण्यासाठी आधी मोजणी नेमकी कशी घडते ते पाहावे लागेल.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. एकटा रिसीव्हर त्यांचे संदेश ऐकून आपली जागा सांगतो, पण त्यात काही मीटरांचा फरक राहतो. गाडी चालवायला तो चालतो, गुंठ्याच्या भांडणात चालत नाही. फरकाचा मोठा भाग उपग्रहाच्या घड्याळातून, कक्षेच्या अंदाजातून आणि वातावरणातून येतो, आणि जवळपासच्या दोन ठिकाणी तो जवळजवळ सारखाच असतो. म्हणून दोन रिसीव्हर दोन ठिकाणी एकाच वेळी, त्याच उपग्रहांकडे लावले की वजाबाकीत हा सामाईक दोष गळून पडतो आणि दोन बिंदूंमधले अंतर व दिशा सेंटिमीटरच्या आत मिळते. वाहक लहरीची लांबी जेमतेम १९ सेंटिमीटर असल्यामुळे हे साधते. पण उपग्रहापासून रिसीव्हरपर्यंत अशा पूर्ण लहरी किती, हा आकडा सोडवायला दोघांचे सामाईक निरीक्षण पुरेसा वेळ चालावे लागते. पहिले पथक नऊ ते दहा बसले आणि दुसऱ्याने नऊ चाळीसला यंत्र सुरू केले, तर हाती येतात ती वीसच मिनिटे. पहिल्या पथकाची उरलेली चाळीस मिनिटे त्या रेषेपुरती फुकट गेली, त्याने कितीही काटेकोर काम केले असले तरी.

जुन्या मोजणीत असे नव्हते. ३३ फुटी साखळी घेऊन निघालेला भूकरमापक, फलकयंत्रावर रेषा ओढणारा त्याचा वारस, नंतरचा ईटीएसवाला, हे सगळे आपापले काम आपापल्या जागी पुरे करत. शेजारच्या गावातले पथक उशिरा आले तर नुकसान त्या गावापुरते राही. उपग्रह मोजणीत चार पथकांचे मिळून एक निरीक्षण होते. प्रत्येक पथक वीसपैकी एकोणीस वेळा ठरल्या वेळी ठरल्या खुणेवर उभे राहते असे धरू. हे प्रमाण वाईट नाही, कित्येक कचेऱ्यांत याहून कमी चालते. तरीही चारही पथके एकाच वेळी जागेवर असण्याची शक्यता ८१ टक्क्यांवर येते आणि सात पथके असतील तर ७० टक्क्यांवर. एक पथक चुकले म्हणून सगळे सत्र बुडते असे नाही, उरलेल्या तिघांच्या रेषा मिळतातच. पण चुकलेले पथक जुन्या, ज्ञात बिंदूवर बसणार असेल, तर त्या तीन रेषा मागच्या कामाला न जोडता लोंबकळत राहतात. म्हणून सर्वांत भरवशाचा माणूस सर्वांत सोप्या, रस्त्याकडेच्या जुन्या बिंदूवर बसवायचा आणि नवख्याला जोडीदार देऊन नव्या बिंदूवर पाठवायचे, असा उलटा वाटणारा सल्ला या पुस्तिकेत आहे. तो मला पूर्ण पटतो.

वेळेचा हिशेब नकाशावर होत नाही, रस्त्यावर होतो. सह्याद्रीत घाटमाथ्यावरचा बिंदू आणि खाली कोकणातला बिंदू सरळ रेषेत पाच-सहा किलोमीटरवर असतात, पण मधला घाट वळसा घालायला लावतो. यंत्राला सरळ अंतराशी देणेघेणे असते, चालकाला वळणांशी. कचेरीत बसून पडद्यावर बिंदू टाकणाऱ्याला पहिलेच दिसते. त्यामुळे आधीची पाहणी हा कामाचा पहिला टप्पा, आणि ती त्याच ऋतूत, शक्यतो त्याच प्रहरी करावी. फेब्रुवारीत मोकळा दिसलेला बांध ऑगस्टमध्ये उभ्या उसाआड जातो. पत्र्याची नवी शेड, पाण्याची टाकी, मोबाइलचा मनोरा यांवरून परावर्तित होऊन आलेली लहर मोजमाप बिघडवते. जुन्या त्रिकोणमितीय मोजणीत बिंदू एकमेकांना दिसावे लागत, म्हणून ते डोंगरमाथ्यावर असत. आता डोक्यावर आकाश मोकळे असले की पुरते, बिंदू रस्त्याजवळ आणता येतो. या सोयीचा फायदा न घेता सवयीने माथ्यावरच खूण गाडणारी पथके आजही असतात, आणि मग रोज दोन तास चढण्या-उतरण्यात घालवतात.

माणसे दूरदूर पांगवून एकाच निरीक्षणासाठी बांधून ठेवण्याचा प्रश्न मात्र उपग्रहांनी आणलेला नाही. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरू केलेले काम त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८२३ पर्यंत, विदर्भात पोहोचले होते. तो हिंगणघाटला गेला आणि त्याची कबरही तिथेच आहे. त्याच्या थिओडोलाइटचे वजन अर्ध्या टनाच्या आसपास होते, हे सगळे सांगतात. दूरच्या टेकडीवर निशाण धरून उभ्या असलेल्या माणसांविना ते यंत्र निरुपयोगी होते, हे कमी सांगितले जाते. पावसाळ्यात हवा धुऊन निघते आणि लांबचे दिसते, म्हणून लॅम्टनचा भर त्या ऋतूवर होता. त्याच ऋतूत जंगलातल्या तापाने पथकेच्या पथके आडवी होत. जॉर्ज एव्हरेस्टने काम कोरड्या ऋतूत नेले. उन्हाळ्याच्या दिवसांत धुरकट हवेमुळे दूरचे दिसत नाही, म्हणून रात्री दिवे लावून निरीक्षणे घेतली. या बदलात नवे गणित फारसे नव्हते. माणसे कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रहरी, कुठे बसवायची याचा तो फेरविचार होता आणि मोजणी त्यामुळे पुढे सरकली. महसुली मोजणीचा धडाही वेगळा नाही. प्रिंगलची पुणे भागातली मोजणी फसली, तेव्हा आकारणीच्या तत्त्वाइतकाच दोष चुकीच्या मोजमापांना आणि हाताखालच्या नोकरवर्गावर न राहिलेल्या देखरेखीला दिला गेला. १८३५-३६ मध्ये इंदापूरपासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पद्धत उभी केली, तिच्यात मोजलेली शेते वरच्या अधिकाऱ्याने पुन्हा मोजून ताडण्याची सोय होती. आपल्याकडचा निमतानदार याच परंपरेतला.

निमताना मोजणी तक्रारीनंतर होते. उपग्रह मोजणीत ताडणी तक्रारीची वाट पाहू शकत नाही, ती मुळातल्या वेळापत्रकात विणावी लागते. याचे कारण जरा सविस्तर सांगतो, कारण अनुभवी माणसेही इथेच फसतात. चार रिसीव्हर एका सत्रात लावले की त्यांच्या जोड्या सहा होतात आणि संगणक सहाही रेषा काढून देतो. पण त्यांतल्या तीनच स्वतंत्र असतात, उरलेल्या तीन त्याच निरीक्षणांची पुन्हा केलेली बेरीज-वजाबाकी. या सहा रेषांतून त्रिकोण जुळवून पाहिला तर तो जवळजवळ शून्यावर मिटणारच, आणि पथकप्रमुख खूश होतो. समजा एका निरीक्षकाने अँटेनाची उंची १.५४३ मीटरच्या जागी १.४५३ लिहिली. त्या बिंदूची उंची नऊ सेंटिमीटरने चुकली, पण त्या सत्रातला एकही त्रिकोण ते सांगणार नाही, कारण बिंदूवरून निघणाऱ्या प्रत्येक रेषेत तीच नऊ सेंटिमीटर बसलेली आहेत. खुणेऐवजी शेजारच्या दगडावर ट्रायपॉड लावला, लंबक तीन सेंटिमीटर सरकला, उंची तिरकी मोजून सरळ म्हणून नोंदवली, या साऱ्यांचे तसेच. चूक उघडी पडते ती कोणीतरी दुसऱ्या दिवशी ट्रायपॉड नव्याने लावून, उंची नव्याने मोजून, त्याच बिंदूवर पुन्हा बसते तेव्हा. तो ‘कोणीतरी’ शक्यतो दुसरा माणूस असावा. एकच हात एकच चूक दोनदा करतो.

पुन्हा बसायचे कधी, हेही आखणीतच ठरते. उपग्रहांची आकाशातली मांडणी रोज सुमारे चार मिनिटे आधी परत येते. म्हणजे काल दहा वाजता जिथे निरीक्षण घेतले तिथेच आज दहा वाजता घेतले, तर आकाश जवळपास कालचेच असते आणि शेडच्या पत्र्यावरून येणारी खोटी लहरही कालच्याच कोनातून येते. दोन उत्तरे सुरेख जुळतात आणि दोन्ही सारखीच चुकलेली असतात. दुसरी बैठक काही तासांच्या अंतराने हवी. मग त्या पथकाचे दुपारचे जेवण कुठे, परत येताना वनखात्याचा नाका किती वाजता बंद होतो, असे प्रश्न थेट अचूकतेशी येऊन भिडतात. एरवी ते कोणी तांत्रिक मानत नाही.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. एका तालुक्यात २० नियंत्रण बिंदू उभे करायचे आणि हाताशी चार रिसीव्हर आहेत, असे धरा. सत्रासत्राला एकच बिंदू सामाईक ठेवला तर सात सत्रांत काम उरकते. दोन सामाईक ठेवले तर नऊ लागतात. दोन सत्रे म्हणजे गाड्या, डिझेल, भत्ता, मुक्काम. ठेकेदार हरकत घेणारच. आता दुसरी बाजू पाहा. वीस बिंदू जोडायला किमान १९ स्वतंत्र रेषा लागतात. सात सत्रांत २१ मिळतात, म्हणजे पडताळ्यासाठी दोन उरल्या. नऊ सत्रांत २७ मिळतात, पडताळ्याला आठ. खर्च तिसऱ्या हिश्शानेही वाढला नाही आणि तपासणीची ताकद चौपट झाली. शिवाय सात सत्रांच्या योजनेत एक पथक एकदा चुकले की त्या भागात पडताळा उरतच नाही. तो बिंदू पुन्हा गाठायला महिनाभराने सगळा ताफा हलवावा लागला, तर वाचवलेली दोन सत्रे तिथेच खर्ची पडतात. हा हिशेब कागदावर मांडून कामाआधी मंजूर करून घेणे हे पथकप्रमुखाचे काम आहे. मैदानावर हुज्जत घालून तो कोणी मान्य करत नाही.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा. भारतीय सर्वेक्षण विभागाने उभारलेली कायम केंद्रे, म्हणजे कॉर्सचे जाळे, आता महाराष्ट्रभर आहे. भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीत रोव्हर आले आहेत. काठीवर रोव्हर लावायचा, मोबाइलवरून दुरुस्ती घ्यायची, काही सेकंदांत सहनिर्देशक हातात. मग चार ठिकाणी चार पथके हवीत कशाला? खरे आहे, एकाच वेळी जागेवर असण्याची मोठी कटकट कॉर्सने दूर केली आहे. ते असे पथक आहे जे कधी उशिरा येत नाही आणि कधी जेवायला उठत नाही. पण वर सांगितलेला दुसरा रोग, आतल्या आत जुळणारी चूक, रोव्हरने वाढवला. रोव्हरचा प्रत्येक बिंदू एकाच रेषेवर लटकलेला असतो. आंब्याखाली, सागाच्या रानात किंवा गावठाणातल्या अरुंद बोळात यंत्र कधी कधी खोटा फिक्स देते, आणि पडद्यावरचा शब्द खऱ्या फिक्सचाच असतो. एकट्या माणसाला थांबवणारे कोणी शेजारी नसते. म्हणून रोव्हरच्या पथकांसाठी शिस्त आणखी कडक हवी. सकाळी निघताना आणि संध्याकाळी परतताना प्रत्येक रोव्हरने एकाच ज्ञात बिंदूवर उभे राहून वाचन द्यावे, झाडाजवळचा बिंदू यंत्राचा फिक्स तोडून पुन्हा घ्यावा, आणि ठरावीक बिंदू दुसऱ्याने, दुसऱ्या प्रहरी तपासावेत.

अनेक रोव्हर एकाच कामावर असले की आणखी एक गोष्ट उभी राहते, ती म्हणजे सर्वांच्या नियंत्रकात एकच मांडणी असणे. महाराष्ट्रात याला भौगोलिक कारणही आहे. यूटीएम पद्धतीत ७८ अंश पूर्व रेखांशावर विभाग ४३ संपतो आणि ४४ सुरू होतो. अमरावती शहर रेषेच्या अलीकडे, यवतमाळ आणि वर्धा पलीकडे. दोन जिल्ह्यांच्या सीमेवरच्या कामात एका पथकाने एक विभाग निवडला, दुसऱ्याने दुसरा, तर आकड्यांत शेकडो किलोमीटरांचा फरक पडतो. ही चूक त्यातल्या त्यात बरी, संध्याकाळी नकाशा उघडताच दिसते. अँटेनाचा प्रकार चुकीचा निवडला किंवा समुद्रसपाटीचे प्रतिमान दोन रोव्हरांत वेगळे राहिले, तर फरक काही सेंटिमीटरांचा असतो आणि दोन पथकांच्या कामाच्या शिवेवर तो उंचीतल्या पायरीसारखा गुपचूप राहतो. कालवा त्या शिवेवरून जाणार असेल तर पाणी ती शोधून काढेलच, पण तोवर बिल निघून गेलेले असते.

तिसरा आक्षेप मैदानातल्या जुन्या माणसांचा. इतके नमुने भरायचे, इतक्या वेळा उंची मोजायची, प्रत्येक गोष्ट फोनवर विचारायची, मग अनुभवाला किंमत काय? या तक्रारीत तथ्य आहे. एकच तपशील चार कागदांवर लिहायला लावणारी कचेरी माणसांना खोटे लिहायला शिकवते. दुपारी झाडाखाली बसून साऱ्या रकान्यांत एकच आकडा उतरवला जातो. म्हणून नियम मोजके हवेत. उंची सुरुवातीला आणि शेवटी मोजावी, शक्य तर एकदा मीटरमध्ये आणि एकदा फुटांत, म्हणजे दुसरा आकडा पहिल्यावरून उतरवता येत नाही. खुणेचा आणि लावलेल्या यंत्राचा फोटो घ्यावा. सत्र ठरल्या वेळेआधी सुरू करायला हरकत नाही, पण प्रमुखाने सांगितल्याशिवाय आधी बंद करू नये. एवढे अढळ ठेवले की बाकी बरेच निरीक्षकावर सोपवता येते. आभाळात वीज चमकू लागली तर धातूच्या ट्रायपॉडपासून लांब जायचा अधिकार त्याचा, त्यासाठी परवानगी मागावी लागू नये. खूण उखडलेली सापडली तर शेजारी नवी खूण करून सत्र पार पाडायचे की नाही, हेही अनुभवी माणूस जागेवरच चांगले ठरवतो, मात्र नोंद तशीच्या तशी करून. नियमाला सर्वाधिक विरोध ज्येष्ठांकडून होतो आणि नियम सुधारण्याच्या सर्वांत चांगल्या सूचनाही त्यांच्याकडूनच येतात.

मजुरीच्या पद्धतीबद्दल या पुस्तिकेत थोडक्यात लिहिले आहे. मला तो भाग अधिक हवा होता. बिंदूमागे दर ठरवला की घाईला बक्षीस मिळते, कारण वाईट बिंदूही बिंदूच मोजला जातो. दिवसाच्या हजेरीवर पैसे दिले की सत्रे लांबतात. स्वीकारलेल्या कामावर दर ठरवावा आणि आखणीच्या चुकीमुळे फुकट गेलेल्या दिवसाची मजुरी पथकाला तरीही मिळावी, हे मला न्याय्य वाटते. ट्रायपॉड वाहणारा स्थानिक मदतनीस, पायवाट दाखवणारा गुराखी, बॅटरी चार्ज करायला वीज देणारे घर, यांचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत असावा. तो ‘किरकोळ’मध्ये ढकलला की पथकप्रमुखाच्या खिशातून जातो आणि दुसऱ्या महिन्यापासून जातच नाही. विदर्भात एप्रिल-मेमध्ये दुपारचे सत्र ठेवणे हा नुसता बेपर्वाईचा प्रश्न नाही. उन्हाने भेलकांडलेला माणूस उंची चुकीची वाचतो आणि आपण चुकीची वाचली हे त्याला कळत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. उपग्रह बिंदूचे सहनिर्देशक सांगतात, हद्द सांगत नाहीत. हद्द टिपणात, फाळणी नकाशात, बांधात, दगडात आणि शेजाऱ्याच्या कबुलीत असते. मग सत्रे, रेषा आणि त्रिकोण यांचा एवढा खल करण्यापेक्षा माणसे हाताळायला शिकवा, असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, हा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो. हद्द कायम मोजणीच्या दिवशी अर्जदार, लगतचे कब्जेदार, जुने अभिलेख आणि यंत्र हे सगळे एकाच वेळी एकाच बांधावर हजर असावे लागतात. त्यासाठीच तर लगतच्या कब्जेदारांना आधी नोटीस जाते. नोटीस वेळेवर पोहोचली नाही, किंवा पुण्या-मुंबईला राहणारा सहहिस्सेदार आला नाही, तर रोव्हरने सेंटिमीटरमध्ये मोजलेली रेषा पुढच्या तक्रारीत टिकत नाही. चाळीस मिनिटे उशिरा सुरू झालेल्या रिसीव्हरमुळे रेषा सुटत नाही, तसलेच हे आहे, फक्त इथे दुरुस्तीला महिने लागतात. ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोन उडण्याआधी गावठाणातल्या मिळकतींच्या कडा चुन्याने आखाव्या लागतात. ड्रोन अर्ध्या तासात गाव टिपून जातो, पण चुना टाकताना दोन्ही घरचे उभे होते की नाही यावर त्या नकाशाची पत ठरते. उड्डाणाची वेळ आणि चुन्याची वेळ यांत आठवडा गेला, मध्ये पाऊस पडला, की पुन्हा पहिल्यापासून.

पुढची प्रकरणे पाहणीपासून सुरू होतात आणि संध्याकाळच्या तपासणीपाशी थांबतात. त्या शेवटच्या प्रकरणाकडे कंत्राट देणाऱ्या अधिकाऱ्यांनी मुद्दाम लक्ष द्यावे. दिवसाची माहिती त्याच रात्री उतरवून रेषा सोडवून पाहिल्याशिवाय पथकांनी मुक्काम हलवू नये, असे त्यात सुचवले आहे. आज बहुतेक कामांत माहिती आठवड्याने मुख्य कचेरीत जाते आणि दोष कळतो तेव्हा पथके दुसऱ्या तालुक्यात असतात. रात्रीची तपासणी करायची तर पथकाबरोबर गणित जाणणारा एक माणूस, एक लॅपटॉप आणि भरवशाची वीज लागते. या तिन्हींची तरतूद निविदेतच करावी लागेल.